राखलेलं टेकाड आणि न राखलेली माणसं

मागच्या व्याख्यानानंतर दोघातिघांनी लिहून विचारलं होतं, "सर, तत्त्वज्ञानाच्या मालेत पुरातन वास्तू कुठून आल्या?" प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं की, 'जपणं' ही क्रिया आपण रोज करतो. पत्रं जपतो, भांडी जपतो, नाती जपतो. पण जपतो म्हणजे नेमकं काय करतो, आणि जपलं कशाला असं म्हणायचं, हे सहसा विचारत नाही. ते विचारणं आमच्या विषयाचं काम आहे. आणि हा प्रश्न तासून बघायला सगळ्यात सोयीची वस्तू कोणती? ताजमहाल नव्हे. तिथं सौंदर्य मध्ये येतं, आपण दिपून जातो. त्यापेक्षा मातीचा एक ढिगारा घ्यावा. आज आपण इंग्लंडमधली दोन टेकाडं घेणार आहोत. दोन्ही नॉर्मन किल्ल्यांची टेकाडं म्हणून ओळखली जातात आणि दोन्ही कायद्याने संरक्षित आहेत.

आधी स्वतःची एक चूक सांगतो, कारण हे व्याख्यान त्या चुकीतून निघालं आहे.

आमची धाकटी मुलगी लीड्सला असते. तिच्याकडे गेलो असताना आम्ही यॉर्कचा क्लिफर्ड्स टॉवर बघायला गेलो. २०२२ च्या आधीची गोष्ट, म्हणजे आतली नवी लाकडी रचना तेव्हा झालेली नव्हती. नुसता उघडा दगडी बुरूज होता. उंच, हिरवंगार टेकाड, त्यावर हा बुरूज, वर जायला ५५ पायऱ्या. सौ. म्हणाल्या, "माझे गुडघे नाही म्हणताहेत, तुम्ही जाऊन या." त्या खालीच बसल्या. आम्ही वर गेलो, चार पाकळ्यांच्या आकाराची ती भिंत बघितली, शहर बघितलं, आणि खाली येऊन उत्साहानं सांगायला लागलो की, हे टेकाड कुणी रचलं, बुरूज तिसऱ्या हेन्रीच्या काळातला कसा, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती दीडशे माणसं कुठं मेली? वरच ना?"

पायथ्याशी एक फलक आहे. १९७८ साली बसवलेला. ११९० च्या मार्च महिन्यात यॉर्कच्या सुमारे १५० ज्यू स्त्रीपुरुषांनी जमावापासून वाचण्यासाठी याच जागेवरच्या राजाच्या किल्ल्यात आश्रय घेतला, आणि धर्म सोडण्यापेक्षा एकमेकांच्या हातून मरण पत्करलं, असं त्यावर लिहिलं आहे. आम्ही ही घटना वाचलेली नव्हती असं नाही. पुस्तकात वाचली होती, तारखेसकट. पण पायऱ्या चढताना ती आमच्या डोक्यात नव्हती. डोक्यात होतं स्थापत्य. वर चढणाऱ्याला बुरूज दिसला आणि खाली बसलेल्या बाईला माणसं दिसली. तेव्हापासून हा विषय मनात घोळतो आहे.

आता जरा सविस्तर. हे टेकाड म्हणजे काय? नॉर्मन लोक १०६६ साली इंग्लंडमध्ये उतरले. मूठभर लोक, परका मुलुख, परकी भाषा. त्यांना झटपट किल्ले हवे होते. दगडी किल्ला बांधायला वर्षं लागतात. मातीचा ढीग काही दिवसांत होतो. भोवती खोल चर खणायचा, निघालेली माती मधे रचायची, दाबायची, वर लाकडी मनोरा आणि कुंपण. या उंचवट्याला 'मॉट' म्हणतात. पायथ्याशी कुंपण घातलेलं आवार, तिथं घोडे, कोठारं, शिपाई, ते 'बेली'. यॉर्कला विल्यमने १०६८ साली एक किल्ला उभा केला आणि पुढच्याच वर्षी नदीच्या दुसऱ्या काठाला दुसरा; तो दुसरा आठ दिवसांत उभा राहिला असं त्या काळचा बखरकार लिहितो. त्या दुसऱ्याचं टेकाडही आज शिल्लक आहे, 'बेल हिल' नावाचं, झाडांनी झाकलेलं. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

बायो टॅपेस्ट्री आपण ऐकून असाल. सुमारे ७० मीटर लांबीचं, अकराव्या शतकातलं भरतकाम आहे. त्यात हेस्टिंग्जचं टेकाड रचतानाचं दृश्य आहे. खोरी घेतलेली माणसं माती ओढताहेत, टेकाडाचे थर वेगवेगळ्या रंगाच्या धाग्यांनी दाखवलेत, आणि त्याच दृश्यात दोन मजूर हातातल्या खोऱ्यांनी एकमेकांना हाणताहेत! भरतकाम करणाऱ्या बायकांनी ते का घातलं, कोण जाणे. पण आम्हाला वाटतं, या सगळ्या विषयात ती दोघं फार महत्त्वाची आहेत. कारण त्यांच्याशिवाय टेकाड झालं नसतं, आणि टेकाडाच्या नावात ती कुठेच नाहीत.

आणि माती रचायची ती रिकाम्या माळावर नव्हे. वसलेल्या गावाच्या मधोमध. १०८६ साली विल्यमने महसुलासाठी जी मोठी नोंदवही करवली, तिला पुढे लोक 'डूम्सडे बुक' म्हणायला लागले. तिच्यात हिशेब आहेत. लिंकन शहरात किल्ल्यापायी १६६ घरं गेली. नॉरिचमध्ये ९८. श्रूजबरीत ५१. केंब्रिजमध्ये २७. यॉर्क सात भागांत विभागलेलं होतं, त्यातला एक अख्खा भाग किल्ल्यांसाठी उजाड झाला. लक्षात घ्या, ही दयेपोटी केलेली नोंद नाही. कर कुठून येणार नाही, याचा हिशेब आहे. पण हिशेबातही माणसाचा आवाज कधीकधी निसटून येतो. श्रूजबरीच्या इंग्रज रहिवाशांची तक्रार त्यात नोंदलेली आहे: ५१ घरांची जागा किल्ल्याने व्यापली, आणखीही कितीतरी घरं ओस पडली, तरी आम्हाला पूर्वीइतकाच कर भरावा लागतो, हे आम्हाला फार जड जातं. नऊशे वर्षांहून जुनी तक्रार आहे, मंडळी. आपल्याकडे धरणग्रस्तांच्या अर्जात यापेक्षा वेगळं काय असतं?

तर हे झालं नॉर्मन टेकाड. आता दुसरं उदाहरण, आणि इथं खरी गंमत आहे.

इंग्लंडच्या विल्टशायर भागात मार्लबरो नावाचं गाव आहे. तिथल्या एका जुन्या निवासी शाळेच्या, मार्लबरो कॉलेजच्या आवारात सुमारे १९ मीटर उंचीचं टेकाड आहे. विल्यमने तिथं किल्ला केला, पुढे तो राजाचा आवडता मुक्काम झाला. म्हणून ते 'नॉर्मन किल्ल्याचं टेकाड'. अभ्यासकांना शंका होती की ते त्याहून जुनं असावं, पण पुरावा नव्हता. २०१० साली टेकाडात बारीक बोअर घेतले, आतल्या मातीतून कोळशाचे कण काढले, त्यांचं रेडिओकार्बन पद्धतीने वय काढलं. २०११ साली निकाल जाहीर झाला. टेकाड साधारण इसवी सनापूर्वी २४०० मधलं निघालं! म्हणजे नवाश्मयुगाच्या अखेरचं. नॉर्मन आले तेव्हाच ते साडेतीन हजार वर्षांचं होतं. जवळच सिल्बरी हिल नावाचं प्रचंड प्रागैतिहासिक टेकाड आहे, सुमारे ३० मीटर उंचीचं; हे त्याचं धाकटं भावंड ठरलं.

आता आमच्या विषयातला प्रश्न. २०१० पर्यंत लोक काय राखत होते? नॉर्मन टेकाड? पण नॉर्मनांनी तर ते रचलेलंच नव्हतं. त्यांनी आयतं घेतलं. मग ते राखत होते ते चुकीचं होतं का? वस्तू तीच, माती तीच, उंची तीच. बदललं ते नाव.

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथातला नागसेनाचा रथ आपल्याला माहीत आहे. राजा रथातून आला. नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येकाला उत्तर 'नाही'. मग या सगळ्यांहून वेगळा रथ कुठे आहे का? तेही नाही. 'रथ' ही व्यवहारापुरती संज्ञा आहे. टेकाडाला हाच प्रश्न विचारून बघू. माती म्हणजे नॉर्मन टेकाड का? नाही, ती नवाश्मयुगाची. आकार? मार्लबरोच्या टेकाडाभोवती सतराव्या शतकात बागेची हौस म्हणून वळणावळणाची वाट खणली, अठराव्या शतकात पायथ्याशी शोभेची गुहा केली, पुढे माथ्यावर पाण्याची टाकी आली. यॉर्कच्या टेकाडाचा पायथा एकोणिसाव्या शतकात तुरुंगाच्या भिंतीसाठी कापला गेला, आणि १९३५ साली तुरुंग पाडल्यावर उतार पुन्हा घडवला. ज्या हिरव्या उताराचे फोटो आपण काढतो, तो बऱ्याच अंशी विसाव्या शतकातला आहे. मग उपयोग? किल्ला म्हणून दोन्हींचा उपयोग केव्हाच संपला. मार्लबरोच्या माथ्यावरचा दगडी बुरूज पुरता नाहीसा झाला, दगड लोकांनी नेले. मग नॉर्मन उरलं काय? संज्ञा उरली. आणि कायद्याने राखायला घेतलं ते संज्ञेच्या आधारावर.

इथं कायद्याचं थोडं सांगायला हवं. ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा १८८२ साली झाला. त्यामागे होते जॉन लबक. त्यांनी त्याआधीच एव्हबरीची जमीन स्वतःच्या पैशाने विकत घेतली होती, तिथं घरं होऊ नयेत म्हणून. पहिल्या यादीत ६८ स्मारकं होती, ५० ब्रिटनमधली आणि १८ आयर्लंडमधली, बहुतेक प्रागैतिहासिक. जनरल पिट-रिव्हर्स पहिले निरीक्षक. पण कायद्याला दात नव्हते. मालकाची इच्छा असेल तरच स्मारक सरकारच्या देखरेखीखाली यायचं. खासगी मालमत्तेत सरकारने हात घालायचा म्हणजे काय, असा त्या संसदेचा सूर होता.

आणि इथं आपला संबंध येतो. ज्या गोष्टीला लंडनमध्ये मालमत्तेचा हक्क आडवा येत होता, ती गोष्ट हिंदुस्थानात १९०४ साली झाली. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीतला प्राचीन स्मारक जतन कायदा. त्यात स्मारक सक्तीने संपादन करण्याची तरतूद होती. वसाहतीत सक्ती सोपी असते. तोच कर्झन इंग्लंडात परतला, आणि १९११ साली टॅटर्शल कॅसल मोडीत निघायची वेळ आली तेव्हा त्याने तो विकत घेऊन वाचवला. त्या प्रकरणाने जनमत तापलं, आणि १९१३ साली तिथं कडक कायदा झाला. आजचा कायदा १९७९ चा. त्यानुसार संरक्षित स्मारकावर काहीही करायचं, पाडायचं, भर घालायची, दुरुस्ती करायची, तरी आधी लेखी संमती हवी, नाहीतर गुन्हा. परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र घेऊन फिरणंही गुन्हा. इंग्लंडमध्ये अशी सुमारे २०,००० स्थळं यादीत आहेत.

आता आमची टीका. आम्ही तीन मुद्दे मांडतो.

पहिला. हा कायदा करण्यापासून रोखतो, पण करायला लावत नाही. दुरुस्तीला परवानगी लागते, पण दुरुस्ती केलीच पाहिजे असं मालकावर बंधन नाही. ससे बिळं पोखरतात, मुळं माती फोडतात, पाऊस उतार ओरबाडतो. यातल्या कुणाला नोटीस पाठवता येत नाही. नुसतं 'हात लावू नका' म्हणजे जपणं नव्हे. आपल्या घरी म्हाताऱ्या माणसाला कुणी त्रास देत नाही, पण पाणीही विचारत नाही, तर त्याला आपण सांभाळणं म्हणत नाही.

दुसरा मुद्दा जरा खोल आहे. कायदा जे गौरवतो, तेच त्याने रोखलं असतं. कल्पना करा, १९७९ चा कायदा १०६७ साली लागू असता. विल्यमची माणसं मार्लबरोच्या साडेतीन हजार वर्षं जुन्या टेकाडावर खांबांचे खड्डे खणायला आली असती, तर तो दखलपात्र गुन्हा ठरला असता. नॉर्मन किल्ला हीच मुळात एका प्राचीन स्मारकाची नासधूस होती. तिला आठ-नऊशे वर्षं झाल्यावर ती नासधूस स्वतःच स्मारक झाली. म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतचा बदल हा 'इतिहास', आणि कुठल्या तारखेपासूनचा 'गुन्हा'? ही रेघ वस्तूत नाही. ती आपण ओढलेली आहे. आणि दुसरी विसंगती अशी की, मार्लबरोचं टेकाड चव्वेचाळीसशे वर्षं टिकलं ते त्याला कुणी हात लावला नाही म्हणून नव्हे; प्रत्येक पिढीला त्याचा काहीतरी उपयोग सापडला म्हणून. राजाला किल्ला, सरदाराला बाग, शाळेला पाण्याची टाकी.

ऑस्ट्रियाचे कलेतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०३ साली स्मारकांवर एक मूलगामी निबंध लिहिला. त्यांनी दाखवलं की, स्मारकाच्या अंगी एकच मूल्य नसतं. अनेक मूल्यं असतात आणि ती आपसात भांडतात. जुनेपणाच्या मूल्याला झीज हवी असते, शेवाळ हवं असतं, झाडं हवी असतात. ऐतिहासिक मूल्य म्हणतं, झीज थांबवा, पुरावा वाचवा. मार्लबरोला हे भांडण डोळ्यांनी दिसतं. टेकाडावर दाट झाडी होती, किती सुंदर दिसत असेल. पण मुळांनी आतले थर बिघडतात, झाड उन्मळलं तर मातीसकट पुरावा घेऊन जातं. म्हणून अलीकडच्या काळात झाडं टप्प्याटप्प्याने काढली. एक मूल्य राखायला दुसरं तोडावं लागतं. कायद्याच्या 'संरक्षित' या एका शब्दात हे भांडण बुडून जातं.

तिसरा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो नोंदीच्या भाषेबद्दल आहे. इंग्लंडमध्ये ६०० हून अधिक मॉट-बेली किल्ल्यांची नोंद आहे. त्यांची अधिकृत वर्णनं वाचली तर कितीतरी ठिकाणी सुरुवातीला एकाच साच्यातला मजकूर भेटतो: हा प्रकार नॉर्मनांनी आणला, टेकाड असं असतं, आवार असं असतं, सत्तेची केंद्रं म्हणून यांचं महत्त्व आहे. सगळं बरोबर आहे. एक शब्द खोटा नाही. पण सत्ता कुणावर होती, हे त्यात येत नाही. काळ, दुर्मीळपणा, टिकाव, धोका, पुरावा मिळण्याची शक्यता, असे निकष लावून यादी ठरते. मातीखाली दबलेल्या घरांसाठी निकष नाही. म्हणजे बघा: टेकाड राखलं आहे, आणि ज्यांच्या घरांवर ते रचलं ती माणसं नोंदीच्या बाहेर आहेत.

यॉर्कला हे टोकाला जातं. तिथले ज्यू राजाच्या संरक्षणाखालचे लोक मानले जात. कायद्यानं संरक्षित. आज टेकाड जसं आहे तसे. जमाव उठला तेव्हा ते राजाच्या किल्ल्यात आले, कारण संरक्षण तिथंच मिळायला हवं होतं. बाहेर वेढा पडला. आत अनेकांनी आपल्या हाताने आपल्या माणसांना संपवलं. लाकडी मनोऱ्याला आग लागली. जे उरले त्यांना सांगण्यात आलं, धर्म बदला, सोडून देऊ. ते बाहेर आले आणि मारले गेले. त्यानंतर दंगेखोर शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये गेले आणि तिथं ठेवलेली कर्जखतं जाळली. म्हणजे श्रद्धेच्या नावाने जे झालं, त्याच्या तळाशी हिशेब होता. १९०२-०३ च्या सुमारास टेकाडात खणलं तेव्हा खोलवर जळक्या लाकडाचा थर लागला. मातीनं आठवण ठेवली होती. फलक लागायला १९७८ उजाडलं.

इथं आपल्यापैकी कुणी म्हणेल, "सर, मग कायदा निरुपयोगी आहे असंच तुम्ही म्हणताय." तसं नाही. आता आम्ही स्वतःच्याच विरुद्ध बोलतो.

मार्लबरोचं खरं वय कळलं कसं? कारण माती जागेवर होती. एखाद्यानं "यात काय आहे, नॉर्मन टेकाडं सहाशे आहेत, एक गेलं तर काय बिघडलं" असं म्हणून ते सपाट केलं असतं, तर उत्तर तर गेलंच असतं, प्रश्नही गेला असता. म्हणजे संरक्षणाचं खरं समर्थन 'आम्हाला याचं महत्त्व कळलं आहे' हे नाही. खरं समर्थन याच्या बरोबर उलट आहे: याचं महत्त्व आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही. संज्ञा चुकीची असू शकते, म्हणूनच वस्तू राखायची. कायदा चुकीच्या नावानं बरोबर वस्तू राखत होता, आणि ती राखली म्हणून नाव दुरुस्त करता आलं.

उलटं उदाहरणही त्याच परिसरात आहे. सिल्बरी हिल. त्यात काय दडलंय या उत्सुकतेनं १७७६ साली माथ्यापासून तळापर्यंत उभी विहीर खणली. १८४९ साली बाजूनं बोगदा. १९६८ ते ७० मध्ये पुन्हा बोगदा, टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यांसमोर. खजिना मिळाला नाही. आणि २००० साली माथ्यावर एकाएकी खड्डा पडला. ती जुनी विहीर नीट भरलेलीच नव्हती. पुढे २००७-०८ मध्ये सगळ्या पोकळ्या भरून टेकडी स्थिर करावी लागली. जाणून घ्यायची घाईसुद्धा नासधूस करते. मार्लबरोच्या बोअरने प्रश्न विचारला आणि पुढच्यांसाठी टेकाड जवळजवळ जसंच्या तसं ठेवलं. फरक इथे आहे.

मग आपलं या टेकाडाशी नातं कोणतं? मालकाचं? नाही. पूजकाचं? तेही नाही. उत्तर आम्हाला मार्लबरोलाच सापडलं. १२६७ साली तिथं भरलेल्या सभेत एक कायदा झाला, 'स्टॅच्यूट ऑफ मार्लबरो'. त्याचा काही भाग आजही लागू आहे. त्यात एक नियम असा आहे की, ज्याने जमीन मुदतीने धरली आहे, त्याने मुदतीच्या काळात घरांची, वनांची नासधूस करू नये. खरं तर तो कुळांना धाक घालायला, जमीनदाराच्या सोयीसाठी केलेला नियम. पण काळाच्या मानाने आपण सगळेच कुळं नाही का? आपली मुदत साठ-सत्तर-ऐंशी वर्षांची. टेकाडाची चव्वेचाळीसशे. कुळाला वापरायचा हक्क आहे, राहायचा आहे, पीक घ्यायचा आहे. नासायचा नाही. आणि चांगलं कूळ आणखी एक करतं: पुढच्याला जमिनीची खरी हकिगत सांगून जातं. कुठं पाणी लागतं, कुठं साप आहे, बांधाखाली कोण पुरलंय.

२०१६ साली यॉर्कच्या टेकाडाच्या पायथ्यात एक पर्यटक केंद्र बांधायला मंजुरी मिळाली, तेव्हा गावातल्या लोकांनी जोरदार विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०१८ साली ती योजना मागे घेतली गेली. नंतर २०२२ मध्ये बुरुजाच्या आत लाकडी रचना आणि गच्ची झाली. टेकाड कापायची गरज पडली नाही. आम्ही याला चांगल्या कुळाचं वागणं म्हणू. वसंतात त्या उतारावर डॅफोडिल फुलतात. सहा पाकळ्यांचं फूल, आणि दाविदाचा तारा सहा कोनांचा, म्हणून ती मुद्दाम लावलेली आहेत. नोंदीत ज्याला जागा नव्हती, त्याला कुणीतरी उतारावर जागा करून दिली.

शेवटी आपल्याकडचं थोडं. १९०४ चाच कायदा पुढे १९५८ च्या आपल्या कायद्यात उतरला. २०१० पासून स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. दगडी किल्ल्यांना त्याचा आधार आहे. पण आमच्या गावच्या पडक्या गढीला कुठल्याच यादीत जागा नव्हती. लहानपणी आम्ही पाट्या घेऊन तिची पांढरी माती आणायला जायचो. धाब्यावर पसरायला फार चांगली. आठ-दहा पावसाळ्यांत निम्मी गढी गावाच्या धाब्यांवर गेली. दुःख वाटतं का? वाटतं. पण ज्यांच्या वेठीतून ती माती वर चढली होती, त्यांच्याच घरांवर ती परत आली, असंही वाटतं. या दोन्ही भावना खऱ्या आहेत, आणि त्यातली एक दुसरीला खोडत नाही. यातून एकच नियम काढून देता येईल असं आम्हाला वाटत नाही.

एवढं मात्र म्हणतो. स्मारक राखावं. फलकावर एकच शतक लिहू नये. कुणी बांधलं याच्या खाली कुणी वाहिलं, कुणाचं घर गेलं, कोण आत मेलं, हे लिहावं. आणि फलक पायथ्याशी असावा, जिथं गुडघे दुखणारी माणसं बसतात. मुलगी आम्हाला पुन्हा बोलावते आहे. या खेपेला यॉर्कला गेलो तर आम्ही आधी खाली बसणार आहोत. वर जायला जमलं तर जाऊ.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.